जास्वंदीची बंद कळी

चांदीची माती कणकेसारखी मऊ असते. पाणी घालून ती सायीइतकी पातळ करायची, ब्रशने खऱ्या फुलावर लावायची, वाळू द्यायची, पुन्हा लावायची. भट्टीत फूल जळून जातं आणि त्याच्या अंगावरची चांदी तेवढी मागे राहते. या कामात सासूबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण एक जुनी गिऱ्हाईक बाई सुनेने केलेली कर्णफुलं कानाला लावून म्हणाली, "आता तुम्ही निवांत बसा. सुनेचा हात तुमच्यापेक्षा हलका आहे."

सासूबाई हसल्या. हसू ओठांच्या आत काही शिरलं नाही.

सुनेची आई दवाखान्यात होती. डोळे गेलेले, दिवस भरत आलेले. माहेरचं घर विकलं गेलं आणि दारची जास्वंद नव्या मालकाने तोडून टाकली. तिची एक फांदी सुनेने कुंडीत जगवली होती, तीही एवढी एकच कळी देऊन मान टाकत होती. आईचं मागणं लहान होतं. "एकदा हाताला लागू दे गं. फूल नको, कळीच. तिच्या पिळावरून बोट फिरवल्याशिवाय माझी सकाळ होत नसे."

या घरात आजवर उमललेल्या फुलांचेच दागिने झाले होते. सुनेने कळीलाही तसाच लेप दिला, मायेने, देठाच्या टोकापर्यंत. तिळाएवढी जागा उघडी ठेवली नाही. लेप वाळला तशी ती ब्रश धुवायला आत गेली.

सासूबाईंनी चष्मा लावून कळी उचलली. सकाळी देवापुढे जोडलेलीच ती बोटं. ती देठाशी थांबली. नणंद खांद्यावरून डोकावली.

"आई, वहिनीने भोक ठेवलं नाही."

"दिसतंय मला."

"मग वाफ जाणार कुठून? फुटेल ना ती."

"हलका हात आहे ना तिचा. बघू या."

"अगं, तिची आई तिकडे वाट बघतेय."

"आयांचा एवढा कळवळा आला असेल तर आधी माझा चहा टाक."

नणंद चहा टाकायला गेली.

सून पदराला हात पुसत आली. "कशी झालीय, अहो आई?"

"झकास. ठेव भट्टीत."

भट्टी तापली आणि आत फट्कन आवाज झाला. सून भट्टीच्या दाराकडे धावली.

"हात लावू नकोस. आत लोकांचे दागिने आहेत, ते होऊ देत."

भट्टी निवल्यावर तिने तुकडे वेचले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बंद कळीला देठाशी भोक ठेवायचं असतं. आता जन्मात विसरणार नाहीस."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"चष्मा काय शोभेला लावते मी?"

सुनेने नणंदेकडे पाहिलं. नणंद कपात बघत म्हणाली, "साखर कमी पडली का गं चहात?"

"कपाटातलं एखादं फूल ने," सासूबाई म्हणाल्या. "आंधळ्या बाईला काय कळतंय."

सुनेने कपाट उघडलं नाही. सगळ्यात मोठ्या तुकड्याची धार कानशीने घासली आणि दवाखान्यात जाऊन तो आईच्या तळहातावर ठेवला. चांदीच्या आतल्या बाजूला पाकळ्यांचा पीळ शिरांसकट उमटला होता. आईचा अंगठा त्यावरून फिरला, थबकला, पुन्हा फिरला.

"आपल्या दारची," ती म्हणाली. मग अंगठा काठाशी गेला. "ही फुटकी कशी? कुणी फोडली?"

लेक कसल्या घरात नांदते हे कळून आईने जावं, असं सुनेला वाटेना.

"माझ्याच हातून फुटली गं."

आईने सुस्कारा टाकला. "लहानपणापासून बघतेय. तुझ्या हातात एक वस्तू धड राहत नाही. सासूबाई भल्या, म्हणून सांभाळून घेतात."

"हो," सून म्हणाली, आणि आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं करू लागली.