वर केलेलं बोट

बाराव्या वर्षी तापात शिवप्रियाचे कान गेले, पण उमरग्यात ते फारसं कुणाला कळलं नाही. समोरच्याच्या ओठांवरून ती मराठी आणि कानडी दोन्ही ओळखायची. नाहीच कळलं तर हसून मान डोलवायची. आई गिरिजाबाईंनीच तिला तसं तयार केलं होतं. पोरीत खोट आहे म्हटलं की स्थळं येत नाहीत, हे त्यांचं भय.

चोविसाव्या वर्षी कापडदुकानातली नोकरी गेली. गिऱ्हाईक मागून हाका मारायचं आणि ही ढिम्म. मालकाला तो माज वाटला. मग तिनं निराधार योजनेच्या पगारासाठी, म्हणजे सरकारच्या दरमहा मदतीसाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. अपंगत्वाच्या दाखल्यावर बहिरेपण बत्तीस टक्के होतं, आणि लागायचं किमान चाळीस.

तिला काही उमजेना. तिनं आईला खोदून खोदून विचारलं, तेव्हा गिरिजाबाई बोलल्या. कानाच्या तपासणीत आवाज ऐकू आला की बोट वर करायचं होतं. तपासणीवाला बटण दाबायचा आणि त्याचा हात हलला की शिवप्रिया सवयीनं, नकळत बोट वर करायची. हे त्यांनी तिथंच बघितलं होतं.

"मग बोलली का नाहीस, अव्वा?"

गिरिजाबाईंनी तोंड फिरवलं. त्यांनी तोंड फिरवलं की शिवप्रियासाठी बोलणं संपायचं.

अपिलाचा अर्ज तिनं एकटीनं लिहिला. दीड महिन्यानं धाराशिवला फेरतपासणीचं बोलावणं आलं. आई बरोबर आली, पण एसटीत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

डॉक्टर जुना अहवाल चाळत होते. त्यांनी काही विचारायच्या आतच शिवप्रियानं हात बघून बोट वर केल्याचं सांगून टाकलं. त्यांनी फाइल मिटली.

"तेव्हा फसवलं, की आता फसवताय?"

ते ओठ तिला स्पष्ट वाचता आले. डॉक्टर आता आईकडं वळले होते. त्यांनी काय विचारलं ते तिला दिसलं नाही, पण अंदाज आला. बारा वर्षं या प्रश्नाला आईचं एकच उत्तर होतं, येतं की ऐकू. ती आईच्या तोंडाकडं बघत राहिली.

गिरिजाबाईंचे ओठ दोनदा उघडून मिटले.

"न्हाय येत साहेब. बारा वरसं झाली. लपवायला म्याच शिकवलं."

खुर्ची भिंतीकडं फिरवली गेली. कानांवर हेडफोन चढला. शिवप्रियानं हात मांड्यांखाली दाबून धरले. आवाज सुरू झाला की संपला, काहीच कळेना. बोट वर करायची ऊर्मी पुन्हा पुन्हा येत होती. मग दुसऱ्या खोलीत नेऊन डोक्याला तारा लावल्या. त्या तपासणीत आवाज पोचतो का ते यंत्रच सांगायचं, बोटाचं कामच नव्हतं.

नव्या दाखल्यावर चौऱ्याहत्तर टक्के आले. पगार मंजूर व्हायला आणखी तीन महिने गेले. मधल्या काळात जळकोटचं एक स्थळ येऊन परत गेलं. पाहुण्यांपुढं चहा यायच्या आधीच गिरिजाबाईंनी त्यांना सांगून टाकलं होतं, पोरीशी बोलायचं तर समोर बसून बोला, तिला ऐकू येत नाही.