घसरगुंडीमागची राखण

अलिबागहून नागावला जाणाऱ्या रस्त्यावर जे चारमजली संकुल उभं आहे, तिथे पूर्वी अल्पेश आणि त्याचा काका मोरू यांची भातशेती होती. जाहिरातीत लिहिलं होतं: चालत जाता येईल अशी चांगली शाळा, हाकेच्या अंतरावर बाजार, मुलांसाठी बाग. जमिनीच्या बदल्यात अल्पेशने फ्लॅट घेतला. मोरू गावातच राहिला. बागेच्या कोपऱ्यात, घसरगुंडीमागे, शेताच्या राखणदाराचा शेंदूर फासलेला दगड तेवढा बिल्डरने हलवला नाही.

दरवर्षी गावात भात झोडून झालं की मोरू तिथे कोंबडा कापून राखण द्यायचा. घरातून निघाल्यापासून दगडावर रक्त पडेपर्यंत राखण देणाऱ्याने बोलायचं नसतं. बोलला तर राखण मोडते. जुना वॉचमन हे जाणून होता. पहाटे गुपचूप फाटक उघडून द्यायचा.

गेल्या वर्षी घसरगुंडीवर पिसं सापडली. सेक्रेटरी कल्पिताताईंनी मीटिंग बोलावली. तेव्हा अल्पेश सगळ्यांदेखत म्हणाला होता, "आमच्यात आता असलं कोणी करत नाही."

यंदा वॉचमन नवा होता. गणराज, लातूरकडचा. पहाटे फाटक बंदच राहिलं. मोरू बाहेर बसून राहिला आणि मुलं खेळायला उतरली तेव्हा एका गाडीमागून आत शिरला. एका हातात कोंबडा, दुसऱ्यात कोयता.

"ओ बाबा, कुठं निघालाव?" गणराज मागे धावला.

मोरू चालत राहिला.

"बहिरा हायस का? कोयता टाक खाली!"

मुलं किंचाळत पळाली. बागेत उभ्या असलेल्या कल्पिताताईंनी शेजारच्या अल्पेशचा दंड धरला. "अल्पेशभाऊ, तुमच्या ओळखीचा आहे का हा?"

मोरूने पुतण्याकडे पाहिलं. ओठ मिटलेलेच.

"नाही," अल्पेश म्हणाला. "प्यायलेला दिसतोय."

गणराजची काठी आधी मोरूच्या मनगटावर बसली. कोयता पडला. दुसरा फटका तोंडावर आला आणि दात फरशीवर सांडले. मोरू गुडघ्यांवर कोसळला, कोंबडा छातीशी दाबून दगडाकडे सरपटू लागला. तिसरा फटका कानामागे. नारळ फुटावा तसा आवाज झाला. मोरूच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही.

तेव्हा अल्पेश धावला. काठी हिसकावून त्याने गणराजच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

"साहेब, तुमीच म्हनलाव की..."

पुढचा घाव जबड्यावर. गणराज आडवा झाला, तरी अल्पेश मारत राहिला. बरगड्यांवर, पाठीवर, पुन्हा मोडक्या हातावर. कल्पिताताई ओरडत होत्या, पण जवळ जायला कोणी धजेना.

मोरूने सरपटत येऊन पुतण्याचा पाय धरला. कोंबडा सुटून झाडीत पळाला.

"त्याला कनाला मारतंस?" मोरू बोलला. तोंडातून रक्त ओघळत होतं. "त्याला ठाव न्हवतं. तुला व्हतं."

अल्पेशच्या हातातली काठी गळाली. काका बोलला होता.

फरशी लाल झाली होती. घसरगुंडीमागचा दगड कोरडा होता.