नुसती मासोळी

सोमवारी दुपारी पुण्याहून भुपेंद्र सरांचा फोन आला अन् माझं डोकं सटकलं. "ज्योत्सना, ग्राहकानं नवा कंपायलर टाकला, तो तुझा कोड घेतच नाही. चूक तुझी की जुन्या कंपायलरची, उद्या सकाळी सांग. तुझी असली तर घरून काम बंद. पुण्यात येऊन बसायचं."

मी पुण्यात गेली तं घरात बाबा एकटे. आई जाऊन तीन वर्षं झाली.

कंपायलर म्हणजे आम्ही लिहिलेला कोड तपासून मशीनले समजंल असा करणारा प्रोग्राम. लाखांदूरकडच्या या गावात दिवसभर माझ्यासंगं बोलणारा तोच एक. बाबा पहाटेच तलावावर जातात. शेजारच्यांले वाटते, पोरगी बसून पिक्चर पाहून राहिली. माझा कोड पाहाले दुसरं कोणी नाही. कंपायलर खेकसला की दुरुस्त कराचं, गप्प राहिला की बरोबर समजाचं, अशी मी चार वर्षं काढली.

नव्या कंपायलरनं काय म्हटलं ते वाचलं अन् चूक सापडली. प्रोग्राम चालता चालता काही बिघडलं की तो एक वस्तू फेकते, तिले एक्सेप्शन म्हणतात. ती पुढं कुठंतरी झेलाव लागते. झेलताना मी चक्क अॅबस्ट्रॅक्ट क्लासची वस्तू मागितली होती. अॅबस्ट्रॅक्ट क्लास म्हणजे नुसता प्रकार, त्याची वस्तू बनतच नाही. जुन्या कंपायलरनं मले तिथंच हटकाले पाहिजे होतं, तसा नियमच आहे. तो मेला मूग गिळून बसला.

बाबा अंगणात जाळं शिवून राहिले होते. मी विचारलं, "बाबा, जाळ्यात नुसती मासोळी सापडते काय? रोहू नाही, मरळ नाही, कटला नाही. नुसती मासोळी."

"अशी कोणती मासोळी असते, बाई? सापडंल तं रोहू सापडंल, नाही तं मरळ."

घ्या. चौथी शिकलेल्या माणसाले समजते, अन् त्या शहाण्याले समजलं नाही.

सगळं कंपायलरवर ढकलता आलं असतं. सरांनी मानलंही असतं. पण सकाळी फोनवर मी म्हणाली, "कंपायलर चुकला सर, पण त्याच्या आधी मी चुकली." मी काही मोठी सत्यवादी नाही. चार वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्या कोडबद्दल विचारून राहिलं होतं, मले बोलाव वाटलं.

"मग एक तारखेला ये," सर म्हणाले. "इथं चौघं आहेत, एकमेकांचा कोड पाहतात."

संध्याकाळी बाबाले सांगितलं. त्यांनी एकदा 'नोको जाऊ' म्हटलं असतं, तं मी सरांशी भांडलीच असती.

"तिथं जेवाचं काय?" त्यांनी विचारलं.

"मेस आहे."

"मंग जाय."

बस, एवढंच. मले इतका राग आला की मी आत जाऊन भात मांडला, अन् चुलीपाशी रडत बसली. थोड्या वेळानं बाबा मागं येऊन उभे राहिले. भाताच्या गंजात पाणी कुठवर आहे ते वाकून पाहिलं.

"जाच्या आधी एवढं मले शिकवून देजो," ते म्हणाले.