तात्यांची अळंबीची पारख

"मेंढराला चार पोटं असत्यात, लेका. तुला एकच हाय. मेंढरानं खाल्लं म्हणून तू खातूस व्हय?"

आमच्या आज्याचा, गेणबाचा, हा आवाज मी लहानपणी ऐकला. बोलणी बसत होती थोरल्या लेकाला, म्हणजे माझ्या चुलत्यांना, दादासाहेबतात्यांना. त्यांनी रानातून धोतराच्या सोग्यात अळंबी आणली होती आणि आज्यानं ती बांधापलीकडं भिरकावली होती. पुढं आजा गेला, कळप गेला, माळावर ऊस आला, तात्यांच्या डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी आली. हिणवणारं कुणी उरलं नाही, तेव्हापासून तात्या अळंबीचे जाणकार झाले. अख्ख्या तालुक्यात एकमेव. असं तेच सांगत.

शहाण्णव सालचा भादवा. तात्यांची मनिषा पोटुशी, माहेरी आलेली. तिला डोहाळा लागला अळंबीचा. त्यात बारामतीहून जावई ऋषिराज आलेले. असा ताजा श्रोता मिळाल्यावर तात्या घरात कशाला थांबतात! आमच्या वरकुटे गावामागच्या फॉरेस्टात आम्हाला घेऊन निघाले.

पाऊलवाटेवरचं रान नुकतं न्हाऊन आल्यासारखं ओलं होतं. हिवरावर होला घुमत होता, गवताच्या पात्यापात्याला थेंबांच्या नथा. एवढ्या नाजूक रानात तात्यांची काठी तेवढी हुकूम सोडत फिरत होती.

"ही कुत्र्याची छत्री, जावईबापू. हिच्याकडं बघायचं बी न्हाय." काठीनं त्यांनी ती उडवली. पुढं बाभळीखाली पांढऱ्या, ताटलीएवढ्या छत्र्या उगवलेल्या. "आन् ह्या बघा! वारुळाच्या. अस्सल माल!"

मी एक उलटी केली. खालच्या चुण्या हिरवट पडलेल्या. वारुळाची अळंबी खालून पांढरी असते, तिचा देठ मुळीसारखा खोल उतरलेला असतो. ही तर चिमटीत अलगद निघाली.

"तात्या, हितं वारूळ कुठं हाय?"

"भुईच्या पोटात. तुला दिसंल व्हय, चष्मेवाले?"

तेवढ्यात गावातला मेंढक्या म्हस्कू मेंढरं घेऊन आला. तात्यांनी एका मेंढीपुढं छत्री धरली. तिनं ती मटकावली.

"झाली पास!" तात्यांनी टोपी सारखी केली.

"दादासाहेब," म्हस्कू म्हणाला, "ही परवा माझी पिशवी खाऊन बसली. ती बी पास का?"

जावई मोठ्यानं हसले, मग सासऱ्यांचं तोंड बघून खोकले.

घरी नेहमीची रीत अशी, की तात्यांनी अळंबी बायकोच्या, आमच्या कुशाकाकीच्या, पुढ्यात टाकायची, ओसरीवर बसून पारखीच्या गोष्टी सांगायच्या, आणि काकीनं मुकाट रांधून वाढायचं. आज जावयांनी घोळ घातला.

"मामा, आज तुमच्या हातची होऊ द्या की."

झालं! तात्या चुलीपुढं पाट मांडून बसले. काकीचं तोंड उतरलं.

"अवो, धूर लागंल. बाहेर बसा."

"लागू दे."

"पावणं एकटं बसल्यात."

"त्यांनाच खायची हाय माझ्या हातची. मसाल्याचा डबा दे."

मी काकीच्या कानाशी लागले, "काकी, ह्या खालून हिरव्या हायती." तिनं नुसती मान हलवली. तिनं ते पाहिलं होतं. तात्या चिरत असताना तिनं दोनदा अळंबीची पाटी उचलली, दोनदा तात्यांनी ती परत घेतली.

भाजी उकळली. तात्यांनी पहिली ताटली भरली, रुबाबात लेकीपुढं सरकवली. "घे बाय, आधी तुझ्या पोटातल्याला."

मनिषानं भाकरी मोडली, घास रश्शात बुडवला. तो ओठांपाशी गेला तोच काकीनं झडप घालून तिच्या हातातून उडवला. ताटली चुलीच्या राखेत उपडी केली. मागोमाग पातेलंही.

"डोकं फिरलं का तुझं?" तात्या गरजले. पावण्यादेखत झालेला अपमान त्यांच्या कानापर्यंत लाल चढला. "इतकी वर्सं माझी अळंबी खातीयास! एकाचं तरी पोट दुखलं का?"

"न्हाय दुखलं," काकी म्हणाली. तिचा हात लेकीच्या पाठीवर होता. "तुमच्या मानापायी गप बसले आजवर. तुमी आणल्याली अळंबी ह्या घरात एकदा बी शिजली न्हाय. तुमी ओसरीवर बडाया मारायचा, मी मागल्या दारानं ती उकिरड्यात पुरायची, आन् वारुळावरची खुडून आणून तुमच्या ताटात वाढायची."