पंधराचे आठ

पंपावर बसवलेल्या सिरिंजमधलं काळं रबर सरकताना दिसत नाही. एकटक पाहत राहिलं तरी ते जागच्या जागी असतं. नजर खिडकीकडे नेली आणि परत आणली, की ते रेघेच्या किंचित पुढे गेलेलं असतं. उत्कर्षाला ते पाहायची सवय लागली होती. त्या रबरापुढचं औषध बारीक नळीतून तिच्या वडिलांच्या, धुळा आबांच्या शिरेत जात होतं आणि त्यांचा रक्तदाब धरून ठेवत होतं.

आबांना मिरजेच्या दवाखान्यात आणलं तेव्हा पोटातला संसर्ग रक्तात उतरला होता. मूत्रपिंडं थांबली. बुधवारी डॉक्टरांनी घरच्या तिघांना बाजूला घेऊन सांगितलं, की रक्तदाब केवळ औषधावर आहे. औषध वाढवत नेता येईल, त्यानं आजार हटणार नाही. आबा शुद्धीत होते तोवर एकच मागत होते, "मला हितं ठिवू नगा. माणला, गावाकडं मेंढरांपाशी न्या." डॉक्टर म्हणाले, "न्यायचं असेल तर उशीर करू नका. प्रवास झेपेल असे फार दिवस नाहीत. ठरवून सांगा."

तेव्हापासून थोरला भाऊ धनाजी "बघू" म्हणत होता. आई, हरणाबाई, लेकीकडे बघत होती. उत्कर्षा पंपाकडे बघत होती.

लोणंदच्या दूध पावडरीच्या कारखान्यात आकडे एका एककातून दुसऱ्यात बदलणं हे तिचं कामच होतं. बॉयलरची वाफ ताशी टनांत, दूध ताशी किलोंत आणि प्रयोगशाळेला हवं असायचं सेकंदाला ग्रॅममध्ये. इथेही तिनं आपोआप तसंच सुरू केलं होतं. सिरिंजवरच्या चिठ्ठीवर पन्नास मिलिलिटरमध्ये चार मिलिग्रॅम. पंपावर ताशी पंधरा मिलिलिटर. म्हणजे ताशी एक पूर्णांक दोन मिलिग्रॅम, मिनिटाला वीस मायक्रोग्रॅम. मग तेच दिवसाला किती, आबांच्या वजनामागे किती. एककं बदलली तरी औषध तेवढंच राहायचं. पण हिशेब चालू असला की डॉक्टरांना उत्तर द्यावं लागत नसे.

शुक्रवारी दुपारच्या भेटीला धनाजी आत गेला आणि जवळजवळ पळतच बाहेर आला.

"उत्के! पंधराचं आठ झालं! औषध निम्म्यावर आलं!"

हरणाबाईनं हात जोडले. "बिरोबा पावला."

"लय चिवट हाय म्हातारं. धनगराचं हाड हाय, डाक्टरला काय ठावं!" धनाजीनं लगेच गावाकडे चुलत्याला फोन लावला. देवाला भंडारा उधळायला सांगितला, आबांसाठी माळावरची खोपटी नीट करायला सांगितली. बोलता बोलता तो बहिणीकडे वळला. "अगं हास की जरा. दूध वाळवून वाळवून तुझं त्वांडबी वाळलंय."

आई खरंच हसली. या दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा. उत्कर्षा आत गेली.

पंपावर आठच होते. सिरिंज नवी होती. तिच्यावरच्या चिठ्ठीवर चाराच्या जागी आठ मिलिग्रॅम लिहिलं होतं.

"सिस्टर, औषध दुप्पट दाट केलंय?"

"हो मॅडम," प्रांजल सिस्टर म्हणाली. "अंगावर सूज आहे ना, पाणी कमी जावं म्हणून. आणि सकाळी बीपी परत उतरला, म्हणून डोससुद्धा थोडा वाढवलाय."

म्हणजे मिनिटाला वीस नव्हे, एकवीस मायक्रोग्रॅमच्या वर. उत्कर्षानं आबांच्या पायावरून हात फिरवला. बोट दाबलं तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला.

ती बाहेर आली तेव्हा धनाजी दुसऱ्या कुणाला तरी फोनवर हेच सांगत होता.

"दादा, फोन ठेव."

"आगं, मामा हाय—"

"ठेव म्हणते ना."

त्यानं फोन खाली घेतला.

"तू मेंढरांना जंताचं औषध पाजतोस. दुप्पट दाट बाटली आणलीस तर किती पाजशील?"

"निम्मं. त्यात काय? जास्त पाजलं तर मरतील की." तो थांबला. "का गं?"

"आबांची बाटली बदललीय, दादा. दाट आहे. म्हणून पंधराचं आठ."

"म्हंजी औषध तेवढंच?"

"तेवढंच नाही. थोडं जास्तच."

धनाजी एकदम भडकला. "मग आठ कशाला दावत्यात? माणसाला काय कळायचं त्येच्यात?" आवाज चिरकला. शेजारच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. तो भिंतीला टेकून खाली बसला, हातातला फोन वाजत होता तरी त्यानं उचलला नाही.

"म्हंजी उतार न्हाई," हरणाबाई म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. पदरानं तोंड पुसून ती लेकीला म्हणाली, "तुला बुधवारीच कळलं हुतं, व्हय?"

"व्हय, आये."

"मग बोलली का न्हाईस?"

उत्तराची वाट न बघता आईनं तिचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला.

"मी न्हाई सांगणार डाक्टरला," धनाजी मान खाली घालून म्हणाला. "माझ्या तोंडातनं न्हाई येणार ते."

काचेचं दार उघडून डॉक्टर बाहेर आले. या तिघांकडे बघून थबकले, पण बुधवारचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. उत्कर्षा उठली. तिच्या डोक्यात या वेळी एकही आकडा नव्हता.

"डॉक्टर," ती म्हणाली, "वाटेत पंप चालू ठेवता येईल ना? आबांना आम्ही आजच घरी नेतोय."