वशिंडाचे डोळे

मी एक जुना लाल यंत्रमानव आहे, असे म्हणायला हरकत नाही; पण मित्रांनो, माझ्यातले नेमके किती माझे आणि किती दुसऱ्याचे, हे विचारलेत तर मी अडखळेन. डोके आणि छाती माझी. डावा हात माझ्या निळ्या सोबत्याचा. पाय कधी माझे असत, कधी नसत.

रबरासारख्या मऊ प्लास्टिकच्या साच्यातून माझा जन्म झाला. त्याला व्हिनाइल म्हणतात, हे मला फार उशिरा समजले. चांदूर रेल्वेला सगळे मला रबरी बाहुलाच म्हणत. एका दिवाळीला चंद्रभानमामा मुंबईहून गाडीने आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत चिवड्याच्या पुड्याखाली मी होतो. मुंबईच्या गोदीत ते हमाली करत. आगबोटीतून उतरलेली अशी खेळणी तिथल्या बाजारात मिळत. मामांनी मला आपल्या भाचीच्या, म्हणजे शालूच्या हातात दिले आणि माझा हात उपटून दाखवला. शालू घाबरली. मामांनी तो पुन्हा खोबणीत बसवला.

"मेला नाई तो," मामा म्हणाले. "त्याचं असंच असते."

शालूने माझे नाव तांबू ठेवले. ते वर्ष माझे होते. मी तिच्या उशाशी झोपे. शेजारच्या मुली मला पाहायला येत आणि शालू माझे डोके काढून त्यांना आत फुंकर मारू देई. मला वाटे, मी जगात एकटाच आहे. तसे वाटण्यात फार सुख असते.

पुढच्या दिवाळीला निळू आला. त्याच्या खोबणी माझ्याएवढ्याच होत्या, खुंट्याही माझ्याएवढ्याच. शालूच्या हे लगेच ध्यानात आले. संध्याकाळपर्यंत माझा हात त्याच्या खांद्यावर गेला आणि त्याचा माझ्या. रात्री फडताळात मी माझ्याच हाताकडे बघत होतो. तो त्याच्याकडे जास्त शोभत होता.

आणि त्यानंतरच्या दिवाळीला पिवळू आला. पिवळूचे डोळे मोठे, गोल आणि बाहेर आलेले होते. "हा तुमच्या तिघांतला राजा," असे शालू त्याच दिवशी म्हणाली. राजाला सगळ्यांचे चांगले चांगले अवयव मिळत, आणि उरलेसुरले आम्ही दोघे वाटून घेत असू. निळूला त्याचे काही वाटत नसे. मला वाटे. मित्रांनो, मत्सराला हातपाय लागत नाहीत. नुसत्या धडातसुद्धा तो छान राहतो.

आता तान्ह्या पोळ्याची गोष्ट. आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून तोरणाखाली नेतात, बायका त्या बैलांना ओवाळतात, आणि मग घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसा मिळतो. शालूकडे बैल नव्हता. तिचा चुलतभाऊ सहदेव याच्याकडे आजोबांच्या वेळचा सागवानी बैल होता, लोखंडी चाकांचा. दर वर्षी तो दारावरून खडखडत जाई आणि शालू चौकटीला धरून उभी राही. त्या वेळी तिच्या डोळ्यांत जे दिसे, ते मी चांगले ओळखत होतो.

त्या वर्षी तिने त्याला विचारले, "एक डाव मले ओढू देतं काय दोरी?"

"पोरीचा कायचा पोळा?" सहदेव म्हणाला. "तुह्या रबरी बाहुल्यांचं लगन लाव जाय."

शालू आत आली आणि तिने आम्हा तिघांना फडताळातून काढले. मग तिने बैल करायला घेतला. माझे आणि निळूचे धड जोडून पोट झाले. आमचे चार पाय खाली लागले. पिवळूचे हात शिंगे झाले. तोंड कोणाचे, हा प्रश्न तिला पडलाच नाही. ते मोठे गोल डोळे बैलाचेच होते. निळूचे डोके फडताळातच ठेवले. राहिले माझे डोके. ते तिने वरच्या खोबणीत बसवले, मागे तोंड करून. मी वशिंड झालो.

तिची आई मैनाबाई शिवणकाम करी. तिने बैलाखाली एक पाटी ठेवून तिला दोऱ्याच्या रिळांची चाके लावून दिली आणि म्हणाली, "जाय. कोनी हाकललं तं परत ये, पन रडत येऊ नको."

तोरणाजवळ मुले हसली. सहदेव म्हणाला, "याले बैल म्हनाचं असन तं माही शेळी हत्ती हाये." पण ओवाळायचे ताट गोदाबाईच्या हातात होते. ती सहदेवची आजी, आणि गल्लीत तिचा शब्द चाले. ती खाली वाकली.

"कावून व शालू, वशिंडाले डोये कायले?"

"मांगून कोन येते ते पायते तो, आजी," शालू म्हणाली.

गोदाबाई इतकी हसली की ताटातला दिवा विझला. "मंग तं मानसाच्या बैलाहून शहाना हाये. राहू द्या तिले रांगेत." तिने दिवा पुन्हा लावला आणि कुंकू लावले. कोणाला? मला दिसले नाही. पण बोट माझ्या कपाळाला लागले नाही, एवढे मला कळले. सगळ्या रांगेत पिवळ्या तोंडाचा एकच बैल होता आणि बायका म्हणत होत्या, कुंकू कसे खुलून दिसते.

रांग उतारावरून तोरणाकडे निघाली. मागे सहदेव होता. आजीने आपल्याऐवजी शालूचे कौतुक केले म्हणून त्याचे तोंड फुगले होते. त्याने दोरी सैल सोडली. सागवानी बैल घरंगळत येताना फक्त मला दिसला. मला तोंड होते, आवाज नव्हता.

धडक बसली. पिवळूचे डोके उसळले, चिखलात आपटले आणि भरून वाहणाऱ्या नालीत पडले. शालू धावली, तोवर ते रस्त्याखालच्या मोरीत गेले होते.

"मुंडकंच गेलं," सहदेव म्हणाला; पण त्याला हसू आले नाही.

गोदाबाईने आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग ती शालूजवळ बसली. "आधी बैल उभा कर, माय. मंग रड. बिनतोंडाचा बैल तोरनाखालून नेत नाईत."

शालूने मला वशिंडावरून काढले आणि पुढे बसवले. पिवळू आल्यापासून मी ज्या जागेसाठी झुरलो, ती जागा मला मिळाली. गोदाबाईने माझ्याही कपाळाला कुंकू लावले. मी तोरणाखालून गेलो. माझ्यापुढे पुरणपोळी ठेवली. पण मी लाल. माझ्यावर कुंकू दिसेना. आणि शालू दोरी माझी ओढत होती, मान मात्र नालीकडे वळवून.

दुसऱ्या दिवसापासून ती काठी घेऊन नाली ढवळत राहिली. सहदेवही गुमान येऊन ढवळू लागला. डोके सापडले नाही. पिवळूचे हात तिने कोणालाच लावले नाहीत, मलासुद्धा नाही. ते एका रेशमी चिंधीत गुंडाळून ठेवले.

त्याला किती काळ लोटला. शालूचे लग्न होऊन ती दर्यापूरला गेली, मी तिच्या ट्रंकेतून गेलो. आता तिची नातवंडे सुट्टीत जमतात. ती मला बाहेर काढते, पदराने पुसते, मांडीवर धरते आणि सांगू लागते, "आमच्या इथं एक पिवळू होता." मुले डोळे विस्फारून ऐकतात. तो कसा दिसे, असे विचारतात. ती सांगते. तिचा अंगठा माझ्या कपाळावर असतो.

मित्रांनो, हरवलेल्याची गोष्ट जरूर सांगावी. पण जो कुठेच गेला नाही, ज्याला हातात धरून तुम्ही ती सांगता, त्याचीही एखादी गोष्ट असते. तीही कधीतरी सांगत जा.