आकारामच्या गाडीचं आयल

रफिकनं चेंबरचा नट सोडला आणि गाडीखालच्या घमेल्यात आयल पडायला लागलं. पडायला म्हणजे काय, पाघळायला. काळंभोर, काकवीसारखं दाट, आणि तेही घमेल्याचा तळ झाकेल एवढंच.

"जोतीरामकाका, एवढ्यावर पन्हाळा उतरून आलायसा?" रफिकनं गाडीखालूनच विचारलं. "देवाचीच गाडी म्हणायची ही."

"देवाचीच हाय की," मी म्हणालो. "सप्त्याला टाळ, पखवाज, वीणा सगळं हिच्यातनंच जातंय."

बोललो खरा, पण येतानाचा घाट डोळ्यापुढून जात नव्हता. घाट उतरताना प्रत्येक वळणावर स्टिअरिंगमागचा आयलचा लाल दिवा लागायचा आणि सरळ रस्त्याला विझायचा. मी देवाचं नाव घेत तशीच गाडी खाली आणली, आकारामला व्यायामाला नेलं आणि तिथून थेट उद्यमनगरात रफिकच्या गॅरेजला लावली. गाडी आकारामची. मी फक्त चालवणारा, तेही त्याला अर्धांगाचा झटका आल्यापासून. त्याआधी आम्हा दोघांचं नातं वेगळं होतं. कीर्तनात मी वीणा घेऊन उभा राहायचो आणि तो माझ्या उजव्या हाताला टाळ घेऊन. असं आमचं निम्मं आयुष्य गेलं.

आता तो गॅरेजच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, म्हणजे त्याच्या बायकोनं, बनावहिनींनी ठेवलेला. एक 'व्हय' सोडलं तर बोलणं गेलेलं. सगळं समजतं असं आम्हाला वाटायचं. किती समजतं, ते त्याला आणि पांडुरंगाला ठाऊक. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पहिल्या वर्षात जे परत येईल ते येईल, व्यायाम चुकवू नका. एसटीची पायरी त्याला चढता येत नाही. पन्हाळ्यावरून कोल्हापूरला त्याला खाली आणायला ही एवढी एकच गाडी. लहान इंजिनाची, जुनी, पांढरा रंग पिवळा पडलेला. ती बसली तर व्यायाम बसला, आणि व्यायाम बसला तर आकाराम होता तिथंच बसला. बनावहिनींना हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्या घमेल्याकडं एकटक बघत होत्या.

रफिक बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "काकू, आता सांगा. साधं आयल घालू का सिंथेटिक?"

"मला काय कळतंय बाबा त्यातलं? नेहमीचं असंल ते घाल."

"नेहमीचं कुठलं, तेच मला म्हाईत न्हाय की. ब्रेक, क्लच, पाटे सगळं माझ्याकडं. पण आयलला काकांनी कधी हात लावू दिला न्हाय."

हे खरं होतं. आयल बदलणं म्हणजे आकारामचं सोवळं. डबा कुठून आणायचा ते सांगायचा नाही. एकादशी धरून, सकाळी अंघोळ करून, अंगणात स्वतः ओतायचा. बॉनेटला गंध लावायचा आणि रिकामा डबा लगेच कापून, गेरूनं रंगवून त्यात तुळशीची रोपं लावायचा. आम्ही हसायचो. "अरे, इंजिनाला अभिषेक घालतोस का काय?" म्हणून मी एकदा चिडवलंसुद्धा होतं. तेव्हा डब्यावरचं नाव वाचायचं काही मला सुचलं नाही.

"मग दोन्हीतलं चांगलं कुठलं ते घाल," वहिनी म्हणाल्या.

"तसं न्हवं काकू." रफिकनं फळीवरून दोन डबे काढून आकारामच्या पुढ्यात मांडले, एक हिरवा, एक चंदेरी. "हे साधं. हे सिंथेटिक. घाटाला सिंथेटिक चांगलं, तापलं तरी दम धरतंय. पण गाडी जर आजपर्यंत साध्यावर चालली असंल, तर आतली रबरी सीलं म्हातारी झाल्यात. घाणीनंच धरून बसल्यात ती. सिंथेटिक सगळं धुऊन काढतंय. मग कुठनं गळाय लागंल सांगता येत न्हाय. आणि आजपर्यंत सिंथेटिकवर असंल आणि मी साधं घातलं, तर ह्या चढाला इंजिन तापून बसायची भीती."

"काय होत न्हाय असंबी म्हणतात लोक," स्कूटर घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक मध्येच म्हणालं.

"म्हणतात की पावणं. काय न झालेल्या गाड्याबी मी बघितल्यात आणि वाट लागलेल्याबी बघितल्यात. ही कुठल्यातली, ते मी काय सांगू?"

वहिनींनी पुण्याला लेकाला फोन लावला. विश्वजितचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "आई, सिंथेटिकच घाल, सगळीकडं तेच सांगतात." मग जरा थांबून, "किती जुनी गाडी गं आपली? अं... जुन्या गाडीला घालू नका असंपण एकानं लिहिलंय. थांब, बघून सांगतो." तो बघतच राहिला. वहिनींनी फोन पिशवीत टाकला आणि खाली वाकून त्या नवऱ्याच्या तोंडाशी गेल्या.

"अवो, इकडं बघा. आयल कुठलं घालत होता? हे हिरवं?"

"व्हय," आकाराम म्हणाला.

"का हे चकाकतंय ते?"

"व्हय."

"दोन्ही कसं व्हय? एक सांगा की. हे?"

"व्हय. व्हय, व्हय." कपाळावर घाम आला होता. डावा हात हवेत उठून कशाला तरी धरू बघत होता. शब्द अगदी दाराशी येऊन अडत होता ते दिसत होतं. मग त्याचं तोंड वाकडं झालं आणि डोळे भरले. रफिक आधी हसणार होता, तो मान फिरवून पाने शोधायला लागला.

वहिनी पदरानं त्याचं तोंड पुसत होत्या. मला ते बघवेना. आणि त्याच वेळी आठवलं. गेल्या महिन्यात आमच्या देवळात कीर्तन होतं. त्याला खुर्चीवर पुढं बसवलं होतं. बुवांनी अभंगाची चाल लावली आणि टाळकऱ्यांनी धृपद उचललं, तेव्हा आमच्यात एक जास्तीचा आवाज लागला. खणखणीत, ओळखीचा. घरात पाणी मागता येत नाही तो माणूस अख्खं चरण गात होता. बुवांनी मंडपात त्याचे पाय धरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, असं होतं कधीकधी, गाणं मेंदूत दुसऱ्या खोलीत असतं.

"वहिनी," मी म्हणालो, "बोलून इचारू नका. चालीवर इचारू."

"आं?"

मी चंदेरी डबा उलटा धरला, बोटांनी त्यावर ठेका धरला आणि उद्यमनगरातल्या त्या सगळ्या ठोकाठोकीत गळा मोकळा सोडला:

"सांग रे आकारामा, साधं का सिंथेटिक..."

शेजारच्या शेडमधलं वेल्डिंग थांबलं. स्कूटरवाला म्हणाला, "पावणं, कार्यक्रम हाय का काय?" मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा ओळ घेतली. आकारामची मान वर झाली. पाठ सरळ झाली. डावा हात मांडीवर ठेका द्यायला लागला, आणि मग सुरात, काठावर न अडखळता:

"सिंथेटिक... सिंथेटिक..."

वहिनींनी तोंडावर हात घेतला. इतक्या महिन्यांत 'व्हय' आणि अभंग सोडून पहिला नवा शब्द! रफिक ओरडला, "काकांनी सांगितलं! काकांनी सांगितलं की!" त्यानं माझ्या हातातला डबा घेतला, करकन सील मोडलं, टाळ्या झाल्या, वेल्डिंगवाला चष्मा कपाळावर चढवून बघायला आला. मला वाटलं, माझा आकाराम आत आहे. तो नुसता दार उघडायची वाट बघतोय.

"परत एकदा," वहिनी म्हणाल्या. "भावजी, मला म्हणू द्या."

त्यांनी आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, ते ओळीत कुठून घेणार? त्यांनी आपली ओळ जुळवली. चाल बरोबर होती. ज्या शब्दानं आनंद झाला होता, तो त्यांनी आधी घेतला:

"सांगा की हो सांगा, सिंथेटिक का साधं..."

"साधं," आकारामनं तितक्याच मोकळ्या गळ्यानं उचललं. "साधं... साधं..."

टाळ्या विरल्या. रफिकचा हात डब्यावर तसाच राहिला.

मला कळायला वेळ लागला नाही. लागायला नको होता, खरं तर सगळ्यात आधी मलाच कळायला हवं होतं. बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी तिचं शेपूट झेलतो. ती ओळ खरी की खोटी, हे टाळकरी विचारत नाही. सुरात परत देणं एवढंच त्याचं काम, आणि आकारामनं ते काम आयुष्यभर चोख केलं होतं. आत्ताही तो चोखच करत होता. डोळे वहिनींच्या चेहऱ्यावर लावून, डाव्या हाताचा ठेका न सोडता, पुढच्या ओळीची वाट बघत होता. चेहऱ्यावर इतकं समाधान, की तो चुकला असं कुणी कसं म्हणावं?

वहिनींनी त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. रफिक हळूच म्हणाला, "काकू, माझ्यावर टाकू नका हां. उद्या काय झालं तर काकांच्या पुढं उभा ऱ्हाता येणार न्हाय मला."

"तुझ्यावर कशाला टाकू बाबा?" वहिनी म्हणाल्या. "कुठला डबा उघडलास?"

"सिंथेटिक."

"मग तेच ओत. उघडलेलं हाय."

"एवढ्यावरनं?"

"दुसरं काय हाय माझ्याजवळ?"

खालचा नट आवळून रफिकनं ओतलं. मधासारखं, स्वच्छ, सोनेरी. वहिनींनी पिशवीतली अंगाऱ्याची पुडी काढून बॉनेटला बोट लावलं. आयल मोजायची पट्टी काढून रफिकनं माप दाखवलं. मी गाडी चालू करून बघितली, दिवा विझला होता. "रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाका," तो म्हणाला. "डाग पडला तर फोन करा."

"आणि डाग न पडता काय झालं तर?" मी विचारलं.

त्यानं वर बघून हात जोडले.

वाघबीळला घाट सुरू झाला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. मी दुसऱ्या गिअरमध्ये, कान इंजिनाला आणि डोळे त्या दिव्याच्या जागेला लावून. आकाराम माझ्या शेजारी, वहिनी मागं. मोठ्या वळणावर पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. मला थांबावं लागलं, आणि गाडी जागेवर धडधडत असताना दिवा एकदा लागला. अगदी क्षणभर. विझला.

दिसला का म्हणून मी आरशात बघितलं. वहिनींना दिसला होता.

त्या पुढं वाकल्या, दोन्ही हात नवऱ्याच्या खांद्यांवर ठेवले आणि बारीक आवाजात चाल लावली. शब्द मात्र नीट निवडून, कुठला आधी आणि कुठला शेवटी ते ठरवून:

"सांगा की हो सांगा, थांबंल का चढंल..."

"चढंल," आकाराम म्हणाला. "चढंल... चढंल..."

वहिनींनी डोळे मिटून घेतले आणि परत तीच ओळ टाकली. ट्रॅक्टर हलला. मी पहिला गिअर घातला आणि मीही धृपद धरलं.